पाट फुटला तर तो कोणी बांधायचा?

मोसम नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगेत उगम पावते आणि ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी गावे मागे टाकत मालेगावजवळ गिरणेला मिळते. नामपूर म्हटले की आज लोकांना कांद्याचा बाजार आणि बागलाणातल्या डाळिंबाच्या बागा आठवतात. या भागात वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही तीन-साडेतीन महिन्यांत आटोपतो. एवढ्या तुटपुंज्या पावसावर मोसम, आरम आणि पांझरा या तीन नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षे ऊस, गहू, हरभरा आणि भात पिकत आला, तो फड पद्धतीच्या, म्हणजे नदीवर बंधारा घालून सामाईक पाटाने पाणी वाटण्याच्या पद्धतीच्या बळावर. या पद्धतीवर लिहिताना बहुतेकांचे लक्ष बंधाऱ्यांवर जाते: दगड-चुन्याचे काम, नदी अडवण्याची जागा हेरण्याची नजर, उताराचा अंदाज. ते कौतुक रास्तच आहे. पण बंधारा बांधणे हे एकदाचे काम असते. त्या बंधाऱ्याचा पाट दर पावसाळ्यात गाळाने भरतो, खेकडे त्याच्या काठात बिळे करतात, पुराने तोंडाशी दगड-गोटे येऊन बसतात आणि एखाद्या रात्री काठ सुटून सगळे पाणी नाल्याला जाते. ही मोडतोड वर्षानुवर्षे कोण निस्तरत होते आणि कशासाठी, या प्रश्नाच्या उत्तरात मोसम खोऱ्यातल्या सिंचनाचा खरा इतिहास दडलेला आहे. फड टिकला तो त्याच्या बांधकामामुळे नव्हे. प्रत्येक थळकऱ्याला, म्हणजे बंधाऱ्याखाली जमीन असलेल्या शेतकऱ्याला, दुरुस्ती करणे भाग पडावे अशी त्याची रचना होती, म्हणून तो टिकला, असे माझे म्हणणे आहे.

ही रचना नीट पाहायला हवी. नदीवर बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून सारंगांत, म्हणजे शेताला भिडणाऱ्या लहान नाल्यांत न्यायचे. जास्तीचे पाणी सांडमातून पुन्हा नदीला किंवा नाल्याला सोडायचे. एका बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. या थळाचे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात एका हंगामात एकच पीक. या वर्षी ज्या फडात ऊस, त्यात पुढे दुसरे पीक, अशी फेरपालट गाव ठरवी. नदीला पाणी कमी दिसले तर एखादा फड पडीक ठेवण्याचा निर्णयही गावच घेई. यातली कळीची गोष्ट अशी की शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसे, तिचे पट्टे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असत. त्यामुळे एक फड पडीक ठेवला तर तोटा सगळ्यांना थोडा थोडा वाटून जाई. एक फड शेवटपर्यंत भिजला नाही, तर त्याची झळ वरच्या तोंडाशी मोठा तुकडा असलेल्यालाही लागे, कारण त्याचा दुसरा पट्टा कुठल्या तरी फडाच्या शेपटाला असे. पाटबंधाऱ्याच्या प्रत्येक योजनेत आजही हेड आणि टेल यांचे भांडण चालते. फडात हे भांडण मिटवण्यासाठी उपदेश करावा लागत नसे. हेडचा आणि टेलचा शेतकरी पुष्कळदा एकच असे.

एक फड, एक पीक या नियमाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे, पण तो सहसा लक्षात घेतला जात नाही. सगळ्या फडात एकच पीक असले की पाण्याची पाळी सगळ्यांची एकच. पाणी देणाऱ्या बारेकऱ्याला कोणाला किती दिवसांनी पाणी हवे याचा हिशोब ठेवावा लागत नाही. तो एका टोकापासून सुरुवात करतो आणि दुसऱ्या टोकाला संपवतो. अशा पाण्यात बिघाड लगेच उघड होतो. ठरलेल्या दिवसांत पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले नाही, तर वर कुठे तरी गळती आहे किंवा गाळ साचला आहे, एवढे निश्चित. मग पाटाची देखरेख करणारा पाटकरी शेपटाकडून तोंडाकडे पाटाकाठाने चालू लागतो. कोरड्या हंगामात काठाबाहेर ओल दिसली की तिथे बीळ आहे. सांडमाजवळ नको तेवढे पाणी वाहताना दिसले की खालच्या पाटात अडथळा आहे आणि पाणी मागे तुंबून बाहेर पडते आहे. एखाद्या सारंगाचे तोंड रुंद झालेले दिसले की कोणीतरी रात्री फावडे चालवले आहे. तेवढ्यासाठी जागल्या नेमलेला असे. पाटकरी, बारेकरी आणि जागल्या यांना मोबदला धान्याच्या रूपात, पिकातून मिळे. पीक बुडाले तर त्यांचाही वाटा बुडे. म्हणजे बिघाड ओळखण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याचे पोटही त्या बिघाडावर अवलंबून होते. पाटातला गाळ काढण्याचे मोठे काम मात्र पगारी माणसांचे नसे. ज्याची जेवढी जमीन, त्या प्रमाणात त्याच्या घरची माणसे किंवा त्याने दिलेले मजूर त्या कामावर येत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे चित्र फार सुबक आहे. गावात भांडणे नव्हती का, पाणीचोरी नव्हती का? होती. म्हणूनच तर जागल्या होता. लोक चांगले होते म्हणून फड चालला, असे मानण्याची गरज नाही. उलट माणूस संधी मिळताच आपल्या शेतात पाणी वळवील हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी होती. गंभीर आक्षेप दुसराच आहे. थळाच्या बाहेर जमीन असलेल्याला या पाण्याचा थेंब मिळत नसे. पाटाकाठाने रात्री-अपरात्री फिरणाऱ्याची स्वतःची जमीन त्या थळात असेलच असे नाही, आणि निर्णय घेणाऱ्या पंचांत स्त्रियांना जागा नव्हती. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. फड हा जमीनधारकांचा करार होता, साऱ्या गावाचा नव्हे. तो जसाच्या तसा परत आणावा असे म्हणणे मला पटत नाही. पण ज्यांच्यापुरता हा करार होता त्यांना तो पिढ्यानपिढ्या दुरुस्तीच्या कामाला कसा जुंपत राहिला, हा प्रश्न त्या आक्षेपाने निकालात निघत नाही.

दुरुस्ती हाच या व्यवस्थेचा कणा होता याचा सर्वांत बोलका पुरावा ती मोडली त्या काळात सापडतो. बागलाणात मुल्हेरला राजधानी असलेले बागूल घराण्याचे राज्य होते. 1596 मध्ये त्यांच्या दरबारात रुद्रकवीने राष्ट्रौढवंशमहाकाव्य रचले. 1638 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मोगलांनी हा मुलूख घेतला. राज्ये बदलली तरी पाण्याची व्यवस्था त्या त्या गावाच्या हातातच राहिली असावी, कारण राजधानीत बसून कोणाला पाटातले खेकड्याचे बीळ बुजवता येत नाही. मोठा घाव बसला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला आणि त्यामागोमाग 1803-04 चा दुष्काळ आला. गावे उठली. 1818 मध्ये इंग्रजांकडे हा प्रदेश गेला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जसारख्या अधिकाऱ्यांना समोर दिसला तो ओस पडलेला मुलूख. जुन्या बंधाऱ्यांचे अवशेष पश्चिमेकडच्या नद्या-ओढ्यांवर जागोजागी असल्याची नोंद पुढे 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये आली. आता विचार करा. दगड-चुन्याचा बंधारा फौजेच्या टापांखाली तुटत नाही आणि दुष्काळात तर नदीला पूरच नसतो. बंधारे निकामी झाले, कारण त्यांची निगा राखणारी माणसे राहिली नव्हती. दोन-चार पावसाळे गाळ काढला नाही, तोंडाशी पडलेले भगदाड बुजवले नाही, की पुढचा पूर उरलेले काम करून टाकतो. बांधकाम तसेच उभे होते, पण करार मोडला होता, आणि करार मोडल्यावर बांधकामाला फार दिवस तग धरता आला नाही.

इंग्रजी अमलात दुरुस्तीचा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. बागलाण त्या वेळी खानदेशात मोडत होते. 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला आणि पुढे ते त्यात आले. सरकारने काही जुने बंधारे दुरुस्त केले, त्यांचे पाणी मोजले आणि त्यावर आकार बसवला. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्यांवर सरकारची हुकमत आणि पाणीपट्टी यांना पक्की चौकट दिली. ही हुकमत पाण्यावर होती. गाळ काढण्याचे, सारंग नीट ठेवण्याचे कष्ट मात्र गावाच्या अंगावरच राहिले. इथे एक आक्षेप संभवतो: सरकारी अभियंत्याचे काम गावच्या गवंड्यापेक्षा चांगलेच होते, मग तक्रार कशाची? चांगले होते यात वाद नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे धुळ्याच्या पश्चिमेला पांझरेच्या पाण्याच्या पाटासाठी केलेला नळाचा सायफन. पांझरा हीसुद्धा फडाचीच नदी. ऐन पावसाळ्यात, पुराशी झुंजत तरुण वयात त्यांनी हे काम तडीस नेले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. तिच्यात ठराविक क्षेत्र एकत्र आणून पिकांची फेरपालट ठरवून पाणी द्यायचे होते. या कल्पनेचे फडाशी असलेले साम्य डोळ्यांत भरते. पण दोहोंतला फरकही तितकाच मोठा आहे. ब्लॉकमध्ये पाणी कोणी कोणाला किती द्यायचे हे ठरले, पण शेपटाला पाणी पोहोचले नाही तर वरच्या शेतकऱ्याचे काय जाते, याचे उत्तर त्यात नव्हते. ज्याची जमीन तोंडाशी होती, ती तोंडाशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर मोसमवर हरणबारीचे आणि आरमवर केळझरचे धरण झाले. फड मोडला तो याच धरणांमुळे आणि विहिरींवरच्या पंपांमुळे, दुरुस्तीतल्या ढिलाईमुळे नव्हे, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. हा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे. नदीचा प्रवाह वरच अडला की खालच्या बंधाऱ्याला केव्हा पाणी मिळेल हे निसर्गाच्या हातात राहत नाही. ते धरणाच्या आवर्तनाच्या तारखेवर अवलंबून राहते आणि ती तारीख गावाबाहेर ठरते. हे खरेच आहे. पण पंपाने नेमके काय केले ते पायरीपायरीने पाहायला हवे. ज्याने विहिरीवर मोटर बसवली त्याचे पाटावाचून अडेनासे झाले. एक फड, एक पीक हा नियम त्याला जाचू लागला, कारण त्याला कांदा लावायचा होता किंवा बाग धरायची होती. त्याने गाळ काढायला माणूस पाठवणे बंद केले. एकाने नाही पाठवला तर त्याचा वाटा दुसऱ्यावर पडला, दुसऱ्यानेही हात आखडला. पाटाचे पाणी शेपटाला पोहोचेनासे झाले आणि शेपटाच्या शेतकऱ्यालाही विहीर खोदण्यावाचून गत्यंतर उरले नाही. म्हणजे पंपाने पाट फोडला नाही, पाटाच्या दुरुस्तीतला लोकांचा स्वार्थ संपवला. धरण नसते तरी हे घडले असते, फक्त सावकाश. आणि यातली दुःखाची बाब अशी की पाटातून आणि भिजलेल्या फडांतून मुरलेले पाणीच परिसरातल्या विहिरींना आधार देत असते. पाटाला पाठ दाखवून ज्याने विहिरीवर भिस्त ठेवली, त्याने आपल्या विहिरीचा एक झराच कमी करून घेतला. के. आर. दाते आणि आर. के. पाटील यांनी 1987 मध्ये शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोवर फड ही अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी गोष्ट होऊ लागली होती.

हे काही केवळ बागलाणचे दुर्दैव नाही. तमिळ मुलुखात तलावांच्या दुरुस्तीसाठी गावकऱ्यांनी श्रम देण्याची कुडिमरामत नावाची रीत होती. ती ढासळू लागल्यावर 1858 मध्ये मद्रास सरकारने सक्तीच्या श्रमाचा कायदा केला. पण कायद्याच्या धाकाने ती रीत पुन्हा जोमाने उभी राहिली नाही. उलट स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पाणी-न्यायसभेची बैठक आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात भरते, पाटाचे तंटे तोंडी ऐकते आणि तिथल्या तिथे निकाल देते. तिथे दंडाची भीती तर आहेच, पण निकाल देणारे स्वतः त्याच पाटांवरचे शेतकरी आहेत. सक्ती वरून आली की दुरुस्ती वेठ बनते आणि वेठीचे काम कोणी मनापासून करत नाही.

आता नामपूरच्या शिवारातल्या आजच्या पाण्याकडे वळू. डाळिंबाला ठिबक, कांद्याला तुषार किंवा रेन पाईप. तुषारचा उगम दूरच्या फळबागेतला आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट या लिंबूवर्गीय फळांच्या बागायतदाराने 1933 मध्ये पाण्याच्याच माऱ्याने टकटक करत फिरणारा फवारा तयार केला. पाटापेक्षा हे तंत्र पाणी कितीतरी जपून वापरते, याबद्दल शंका नको. पण तेही बिघडते, आणि बिघाड शोधण्याची त्याची रीत पाटकऱ्याच्या रितीपेक्षा फार वेगळी नाही. शेवटच्या ओळीतला फवारा फिरेनासा झाला किंवा पाणी जवळच सांडू लागला, तर जाणता शेतकरी प्रथम तो फवारा उघडत नाही, फिल्टरजवळचे दोन दाबमापक पाहतो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला असेल तर फिल्टर चोंदला आहे. वाळूचा असेल तर उलटे पाणी सोडून धुवावा लागतो, जाळीचा असेल तर जाळी काढून घासावी लागते. दोन्हीकडे दाब सारखाच पण कमी असेल, तर दोष मोटरीत, विहिरीच्या पातळीत किंवा मुख्य पाईपच्या गळतीत. फिल्टरपाशी दाब ठीक असून टोकालाच कमी असेल तर सबमेनमध्ये कुठे तरी सांधा सुटला आहे, आणि कोरड्या जमिनीतली ओल त्याची जागा दाखवते. हे सगळे जागच्या जागी असेल तरच नोझलकडे वळायचे. तिथे एक चूक हमखास होते: चोंदलेल्या भोकात तार घालणे. तारेने भोक रुंदावते, त्या नोझलमधून जास्त पाणी जाते आणि पुढच्या सगळ्यांचा दाब उतरतो. सारंगाचे तोंड फावड्याने रुंद करणाऱ्यानेही हेच केले होते. फरक इतकाच की तेव्हा पाणी शेजाऱ्याचे तुटत होते, आता आपल्याच शेताच्या टोकाचे तुटते.

हाच फरक पुढे करून म्हणता येईल की मग प्रश्न सुटलाच. ज्याचा संच, त्याचा बिघाड, त्याचीच दुरुस्ती. ना पंच हवेत, ना जागल्या. कुंपणाच्या आतल्या बिघाडांपुरते हे बरोबर आहे. ठिबकच्या नळ्यांत साचलेले क्षार आम्लाने धुणे, शेवाळासाठी क्लोरीन सोडणे, नळ्यांची टोके उघडून गाळ वाहून जाऊ देणे, ही कामे शेतकरी एकटा करू शकतो. तिथेही एक गोष्ट बोलली पाहिजे: सरकारी अनुदान संच विकत घेण्यासाठी मिळते, त्याच्या देखभालीसाठी नाही. बांधकामाला पैसा आणि दुरुस्तीला हात वर, ही जुनीच खोड नव्या कपड्यांत आली आहे. पण त्याहून मोठी अडचण कुंपणाबाहेर आहे. सगळ्या शिवाराचे दाबमापक खाली आले आणि कारण विहिरीची उतरलेली पातळी असेल, तर तो बिघाड दुरुस्त करायला कोणीच बांधील नाही. बोअर आणखी खोल नेणे ही दुरुस्ती नव्हे. ते सामाईक भोकात तार घालणेच झाले.

महाराष्ट्राने 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा केला. त्यात पाणी वापर संस्थांच्या संचालक मंडळावर कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. ही तरतूद करणाऱ्यांना फडाचे मर्म कळले होते, असे मला वाटते. फडात शेपटाचा माणूस प्रत्येक शेतकऱ्याच्या सातबाऱ्यात होता, इथे तो निदान मंडळाच्या बैठकीत आहे. त्याचे बळ कमी आहे, पण दिशा बरोबर आहे. नाशिक जिल्ह्यातच ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने 1990 नंतर वाघाड प्रकल्पावर अशा संस्था उभ्या केल्या आणि त्या चालवून दाखवल्या. तेव्हा आजचा शेतकरी एकत्र येऊन पाट सांभाळणार नाही, हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. वाघाडला कालवा होता, त्यामुळे सगळ्यांचे हित कुठे गुंतले आहे ते डोळ्यांना दिसत होते. मोसमकाठी आज ते हित जमिनीखाली आहे. मोसमवरचे जे जुने बंधारे गाळाने भरले असतील, त्यांच्यातला गाळ काढून पाणी पुन्हा पाटात सोडले तर ते पहिल्यासारखे ऊस-गव्हाच्या फडांना लागणार नाही, पण वाटेत मुरेल आणि दोन्ही बाजूंच्या विहिरींत उतरेल. मग ज्यांच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात टिकते ते सगळे त्या बंधाऱ्याचे थळकरी ठरतात, बाग कुणाची असो वा कांदा कुणाचा. दर वर्षी हंगामाच्या आरंभी आणि शेवटी त्या विहिरींची पातळी मोजायची आणि गाळ काढण्याची वर्गणी त्या मापावर बसवायची, एवढे एका बंधाऱ्यापुरते करून पाहण्याला आजच्या कायद्यातही अडचण दिसत नाही.